पटले सुट्टी

पटलेजी गेल्याची बातमी मला आमच्या बॉयलरवरच्या रमेशने सांगितली आणि सांगताना तो रडत होता... गोंदियाजवळच्या आमच्या राइस मिलमध्ये उत्पादन माझ्याकडे आणि धान खरेदी देवराम पटलेंकडे. रमेश माझ्या हाताखालचा माणूस. मी गेलो तर हा असा रडेल का, हा विचार त्या घटकेलाही माझ्या मनात आला. स्मृतिलेखात असं काही लिहीत नाहीत, ठाऊक आहे. पण मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि माणूस गेला तरी हेवा जायचं नाव घेत नाही.

आमचे शेठ दर दिवाळीला सगळ्या कामगारांना सारखंच बक्षीस द्यायचे, तांदळाचा कट्टा, म्हणजे एक पोतं. ज्यांच्या घरी स्वतःच्या शेतातलं, बांधीतलं धान पडलेलं, त्यांना तांदूळ! लोक हसून घेत आणि बाहेर विकून मोकळे होत. एका वर्षी पटलेजी शेठना सरळ म्हणाले, "हे तुम्ही एकटे नका ठरवू. आम्ही मॅनेजर लोक दिवसभर यायच्यासंग राहतो, आम्हाले बसवा." शेठही कंटाळलेच होते. "ठीक है, बैठो तुम लोग," म्हणाले, "पर मशीन बंद नको."

पहिल्याच बैठकीत जो तो आपल्याच खात्याचा माणूस पुढे करू लागला, मीही केला.  मग पटलेजी माझ्याकडे वळून म्हणाले, "कापगतेजी, परवा चहा पिता पिता रोवणीचं काय म्हणून राहिले होते, सांगा ना." मी एवढंच म्हटलं होतं की रोवणीच्या, धानाच्या लावणीच्या दिवसांत माझी माणसं बॉयलरजवळ उभी असतात आणि जीव त्यांचा बांधीत असतो. वैतागून म्हटलं होतं. पटलेजींनी त्यातून बक्षीस काढलं, चांगल्या कामाला रोवणीत भरपगारी सुट्टी. वर नियम घातला, नाव सुचवायचं ते दुसऱ्याच्या खात्यातल्या माणसाचं. म्हणजे प्रत्येक मॅनेजरला दुसऱ्याच्या खात्यात फिरणं आलं. मी त्यांच्या खरेदीच्या ओट्यावर हात मागे बांधून एक चक्कर मारायचो. ते मात्र माझ्या भट्टीजवळ पोत्यावर बसून माझ्याच माणसांच्या डब्यातली भाजी खायचे. शेठसमोर मात्र त्यांनी आवर्जून सांगितलं, "कल्पना कापगतेजीची आहे." आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

कागदावर मी त्या सुट्टीला 'रोवणी रजा' असं नाव दिलं. लोक मात्र पटले सुट्टीच म्हणू लागले. एकदा न राहवून रमेशला विचारलं, "हे सुचवलं कोणी, माहीत आहे का तुले?"

"हो नं साहेब, तुमी. पटलेजीनंच सांगतलं."

"मग नाव त्यायचं काऊन?"

"पडलं तं पडलं आता," तो म्हणाला आणि भुसा ओढायला लागला.

मॅनेजरांना ती सुट्टी नव्हती. दवनीवाड्याला पटलेजींची बांधी होती, पण रोवणीत घरचं सगळं वहिनी बघायच्या आणि हे मिलमध्ये. यंदा पाऊस लागायच्या आधीच ते गेले... जाण्याआधीच्या बैठकीत रमेशचं नाव त्यांनीच मांडलं होतं.

परवाच्या रविवारी वहिनींना भेटायला दवनीवाड्याला गेलो. घराला कुलूप होतं, म्हणून बांधीकडे वळलो. तिथे रमेश आणि सुट्टी मिळालेले बाकीचे गुडघाभर चिखलात रोवणी करत होते.

"अरे, तुझी रोवणी झाली का?"

"होईल नं साहेब. पह्यले पटलेजीची."

"म्या कोणाले बलावलं नाही, भाऊजी," बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसलेल्या वहिनी म्हणाल्या.

माझी सौंदडची बांधी मजुरांवाचून तशीच पडली होती. रमेशला ते ठाऊक होतं. मी त्या धुऱ्यावर उभा राहून एका मेलेल्या माणसावर जळलो, मनापासून जळलो. मग बूट काढले, पँट दुमडली आणि पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंडी उचलून चिखलात उतरलो.

रमेश घाबरला. "साहेब, तुमी कायले?"

"काऊन?" मी म्हटलं. "मले नाही का भेटत पटले सुट्टी?"

ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.