गेरूची खूण, चुन्याची खूण

वीरुपाक्ष मठपती ताडकळसच्या शाळेत व्यायाम शिकवत. गणिताच्या किंवा इंग्रजीच्या मास्तरांना गावात जो मान होता, तो शिट्टी गळ्यात अडकवलेल्या माणसाला मिळण्याचा तो काळ नव्हता. त्यांचे वडील सांबप्पा यांची किराणा मालाची लहानशी पेढी होती. लिंगायतांच्या घरी विधींना बोलावणे आले की पेढी धाकट्या मुलाकडे सोपवून ते निघत. थोरल्याने दोहोंपैकी एक तरी सांभाळावे, ही त्यांची इच्छा. थोरल्याने दोन्ही सोडून चेंडू आणि जाळी पत्करली. सांबप्पांनी त्यावर भांडण केले नाही. मात्र पुढे कुणी मुलाबद्दल विचारले की ते, तो शाळेत आहे, इतकेच सांगत. काय शिकवतो हे सांगत नसत.

मठपती स्वतः मध्यम प्रतीचे खेळाडू होते आणि हे ते मोकळेपणाने कबूल करत. त्यांचे वेगळेपण दुसरीकडे होते. 'जोरदार', 'भारी', 'एक नंबर' या शब्दांवर त्यांचा विश्वास नव्हता. अमक्याची उडी लय भारी आहे, असे कुणी म्हटले की ते शांतपणे 'किती?' असे विचारत. पोरे पाठीमागे त्यांना 'किती सर' म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर आले होते आणि ते त्यांना मनातून आवडलेही होते.

आठवडी बाजार उठला की बाजारतळावर दोन बल्ल्या रोवून जाळी बांधली जाई. तळाला लागून शाळेची लांब दगडी भिंत होती. तीच मठपतींची मोजपट्टी. मुलाने भिंतीला खांदा लावून उभे राहायचे, हात सरळ वर न्यायचा, तिथे एक खूण. मग बोटे गेरूत बुडवून जागच्या जागी उडी मारायची, बोटे टेकतील तिथे दुसरी. दोन खुणांतले अंतर म्हणजे त्या मुलाची उडी. उंच मुलाला यात उंचीचा फायदा मिळत नसे आणि बुटक्याला कमीपणा येत नसे. या न्याय्यतेचे मठपतींना फार कौतुक होते.

गावच्या संघात नागनाथ आणि सूर्यभान अशी एक जोडी होती. दोघेही त्यांचेच जुने विद्यार्थी, विशीच्या आतबाहेरचे. जाळीजवळ उभे राहून साथीदारासाठी चेंडू हवेत उचलून देणाऱ्याला आमच्याकडे लिफ्टर म्हणत. नागनाथ लिफ्टर होता. त्याने उचललेला चेंडू उडी मारून पलीकडे ठोकायचा, हे सूर्यभानचे काम. नागनाथ बौद्धवाड्यातला, सूर्यभान वरच्या गल्लीतल्या शेतकऱ्याचा. खेळ संपला की दोघे दोन दिशांना जात आणि गावात एकमेकांच्या उंबऱ्यावर क्वचितच दिसत. पण जाळीजवळ त्यांना एकमेकांकडे पाहावेही लागत नसे. सूर्यभान पाय उचले त्याच्या आधी चेंडू वर निघालेला असे, आणि त्याचा हात जिथे पोचे तिथे तो क्षणभर थांबल्यासारखा वाटे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या संक्रांतीला गावात स्पर्धा झाल्या. बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या संघाचे व्यवस्थापक व्यंकटराव त्या पाहायला आले. अशा कारखान्यांत तेव्हा चांगल्या खेळाडूंना कायमची नोकरी मिळे. ही जोडी व्यंकटरावांच्या डोळ्यांत भरली. पाडव्यानंतर आपल्याला दोन जागा भरायच्या आहेत, तेव्हा पुन्हा येऊन खेळ बघेन आणि जमले तर दोघांनाही नेईन, असे ते सांगून गेले. सूर्यभानला या नोकरीची हौस होती. नागनाथला गरज होती. त्याचे वडील सिताराम परभणीच्या मोंढ्यात पोती वाहत आणि आठवड्यातून एकदा घरी येत. नागनाथ मॅट्रिकला इंग्रजीत अडकला होता. बापाची पाठ मोंढ्यात वाकलेली त्याने पाहिली होती आणि आपली तिथे वाकू नये, याखेरीज त्याची महत्त्वाकांक्षा नव्हती.

त्याच सुमारास मठपतींनी पुढच्या पदवीसाठी प्रबंधाचा विषय नक्की केला. व्हॉलीबॉल खेळणाऱ्याची उडी कोणत्या व्यायामाने अधिक वाढते, हा तो विषय. एका शिबिरात त्यांना दोन पद्धती शिकवल्या गेल्या होत्या. पहिलीत खांद्यावर वाळूचे पोते घेऊन, पाठ ताठ ठेवून बैठका मारायच्या. दुसरीत एका चौथऱ्यावरून खाली उडी टाकायची आणि पाय जमिनीला लागताच, एक क्षणही न दवडता, पुन्हा वर उसळायचे. दोन्हींचे गोडवे गाणारे गुरू त्यांनी ऐकले होते, 'किती?' याचे उत्तर मात्र कुणी दिले नव्हते. ते आपण द्यावे, आणि त्यात मुलांचेही भले होईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पाडव्यानंतरच्या चाचणीपर्यंत दोघांची उडी वाढली तर वाईट काय?

तुलना खरी व्हायची तर दोन्ही गट सारख्या ताकदीचे हवेत. म्हणून त्यांनी भिंतीवरच्या खुणा पाहून मुलांच्या जोड्या लावल्या. ज्यांची उडी सारखी त्यांची एक जोडी, आणि जोडीतला एक इकडे, एक तिकडे. नागनाथ सूर्यभानपेक्षा वीतभर बुटका होता, पण दोघांची उडी अगदी तेवढीच होती. संघात ते दोघेच इतके वर जात. म्हणजे त्यांना वेगळे करणे भागच होते. चिठ्ठी टाकली, नागनाथ पोत्याच्या गटात गेला, सूर्यभान चौथऱ्याच्या. आणखी एक अट होती. प्रयोग चालू असेपर्यंत दोन गटांनी एकत्र खेळायचे नाही.

सुरुवातीला साऱ्यांना याची मौज वाटली. सूर्यभान पोतेवाल्यांना हमाल म्हणे आणि पोतेवाले चौथरेवाल्यांना बेडूक. सिताराम एकदा घरी आले असताना त्यांनी लेकाला मैदानावर पोते खांद्यावर घेऊन उठता-बसता पाहिले. बराच वेळ ते उभे राहिले आणि मग म्हणाले, "पोतंच उचलायचंय तर माझ्यासंगं मोंढ्यात चल की. तिथं मजुरी तरी देत्यात." सगळे हसले, नागनाथही हसला.

महिनाभराने तो एकटाच मठपतींच्या घरी आला. अंगणात मठपतींच्या पत्नी चन्नबसम्मा धान्य पाखडत होत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितले, पण तो उभाच राहिला.

"सर, सांजच्याला घडीभर खेळू द्या आमा दोघांला. माझा हात इसरायलाय त्याला."

"किती विसरला?" मठपतींनी सवयीने विचारले.

"ते मोजता आलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो, सर?"

चन्नबसम्मांना हसू आले. मठपतींना आले नाही. त्यांनी त्याला समोर बसवून समजावले. दोघे रोज खेळले तर वाढ व्यायामाने झाली की खेळाने, हे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? मोजमाप संपल्यावर व्यंकटराव येण्याला आठ-दहा दिवस राहतात, तेवढ्यात हात पुन्हा बसेल. नागनाथने मान हलवली. ज्याने आजवर आपल्याला एकदाही खोटे माप दिले नाही, त्या माणसाच्या शब्दावर तो विसंबला.

मग फाल्गुनात गारपीट झाली. बाजारतळाची काळी माती लोण्यासारखी झाली. चौथऱ्यावरून उडी टाकणारा घसरून पाय मोडून घेईल, अशी स्थिती. पोत्याच्या बैठका शाळेच्या ओसरीवर मारता आल्या असत्या, पण एका गटाचा व्यायाम चालू आणि दुसऱ्याचा बंद, हे मठपतींच्या न्यायबुद्धीला पटणारे नव्हते. त्यांनी दोन्ही थांबवले. जमीन वाळल्यावर त्यांनी जो निर्णय घेतला तो त्यांच्या स्वभावाला धरूनच होता. बुडालेले दिवस सोडून देता आले असते. परीक्षकांना ते कळलेही नसते. मठपतींनी ते सारे दिवस शेवटी भरून काढले. ज्या आठ-दहा दिवसांचा भरवसा त्यांनी नागनाथला दिला होता, त्यांतूनच ते गेले.

शेवटच्या दिवशी मुलांनी भिंतीपाशी पुन्हा उड्या मारल्या. जुन्या खुणा गेरूच्या होत्या आणि गारपिटीनंतरही पुसट दिसत होत्या, म्हणून या वेळी बोटे चुन्यात बुडवली. पोतेवाल्यांच्या पांढऱ्या खुणा तांबड्या खुणांच्या वर उमटल्या. चौथरेवाल्यांच्या खुणांतले अंतर त्याहून जास्त. सूर्यभानची खूण इतकी वर गेली की मठपतींनी फूटपट्टी दोनदा लावून पाहिली. उत्तर स्वच्छ मिळाले होते. ते त्या संध्याकाळी आनंदात होते, असे चन्नबसम्मा सांगत.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव आले.

नागनाथने पहिला चेंडू उचलला. चेंडू बरोबर तिथे गेला जिथे संक्रांतीला सूर्यभानचा हात असे. सूर्यभान त्याच्याही वर होता. चेंडू त्याच्या मनगटाला लागून जाळीत पडला. दुसरा तसाच. तिसऱ्याला नागनाथने जाणून उंच दिला, तो फार उंच गेला. सूर्यभान आता जमिनीवरून लवकर सुटे, नागनाथला ते माहीत नव्हते. नागनाथच्या खांद्यांत आता पोत्याचे बळ होते, ते बोटांना अजून कळले नव्हते. दोघेही पूर्वीपेक्षा सरस झाले होते आणि त्यांच्यामधला खेळ मोडला होता. पण पाहणाऱ्याला दोघे दिसत नव्हते. उसळणारा सूर्यभान दिसत होता, आणि त्याला धड चेंडू न देणारा एक लिफ्टर.

व्यंकटरावांनी सूर्यभानला निवडले. मठपतींनी त्यांना बाजूला घेऊन सारा प्रकार सांगितला. मुलाचा हात चुकत नाही, तो जुन्या उंचीला इमानदार आहे, आठ दिवस द्या, अशी विनवणी केली. व्यंकटराव भले गृहस्थ होते. जागा राहिली तर पाहू, असे म्हणून ते उठले.

सूर्यभान बसपाशी अडून बसला होता.

"मी एकटा न्हाई जात."

"तू जा," नागनाथ म्हणाला. "तिथल्या लिफ्टरला सांग, वर दे म्हणून."

दुसऱ्या संध्याकाळपासून नागनाथ भिंतीपाशी येऊ लागला. सूर्यभानच्या दोन्ही खुणांखाली उभा राहून तो एकटाच चेंडू वर द्यायचा, झेलायचा, पुन्हा द्यायचा. पहिल्या दिवशी चेंडू गेरूच्या खुणेशी जाऊन परतत होता. मठपती शाळेच्या खिडकीतून पाहत. चेंडू हळूहळू वर सरकत गेला. आठवडा उलटायच्या आत तो चुन्याच्या खुणेशी पोचून क्षणभर थांबायला लागला. एकदा नव्हे, दरवेळी. तिथे हात मात्र कुणाचाच नव्हता.

ते पाहून मठपती सकाळच्या एस.टी.ने कारखान्यावर गेले. जागा दोन दिवसांपूर्वीच भरली होती. संध्याकाळी परतले तेव्हा नागनाथ भिंतीपाशीच होता. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले. नागनाथने चेंडू त्यांच्या हातात दिला.

"पोत्याची सवय झाली ते बरंच झालं मग, सर."

त्या बोलण्यात टोमणा होता की नाही, हे मठपतींना शेवटपर्यंत ठरवता आले नाही. मोजता न येणारी गोष्ट त्यांना प्रथमच इतकी जड गेली.

प्रबंध त्यांनी पूर्ण केला. आकडे खरे होते, ते दडवण्याचे कारण नव्हते. शेवटी त्यांनी एक परिच्छेद जोडला होता: दोघांनी मिळून खेळायच्या खेळात एकेकट्याची वाढ मोजून काय हाती लागते, अशी शंका त्यात होती. मार्गदर्शकांनी तो, मापात बसत नाही म्हणून, काढायला लावला. पदवी मिळाली आणि ते बदली मागून बोरीला गेले. तिथेही ते व्यायाम शिकवत, जाळी बांधत; पण भिंतीवर खुणा करताना त्यांना कुणी पाहिले नाही. सूर्यभान कारखान्यात टिकला. दिवाळीला गावी येई, बाजारतळावरून जाई, तिथे खेळत मात्र नसे.

पुढे तीन-चार वर्षांनी मठपती परभणीला शाळेचे सामान घ्यायला गेले असताना मोंढ्यातून चालले होते. एका ट्रकला फळी लावलेली होती आणि हमाल कापसाच्या सरकीची पोती वर चढवत होते. बाकीचे कमरेतून वाकून ओझे घेत होते. एकजण मात्र आधी गुडघ्यांत बसे, पोते खांद्यावर बसवून घेई आणि पाठ जराही न वाकवता सरळ वर उठे. चेहरा पोत्याआड होता, तरी मठपतींनी ती पाठ ओळखली. तिला तसे ताठ ठेवायला त्यांनीच शिकवले होते.

ते थांबले. नागनाथने त्यांना पाहिले, पोते ट्रकमध्ये टाकले आणि फळीवरून उतरताना हात कपाळाशी नेऊन नमस्कार केला. चहा घेता का, सर, म्हणून विचारले. मठपती हो म्हणाले. मग तो पुढचे पोते घ्यायला गुडघ्यांत बसला, आणि ते फळीच्या कडेला, त्याची पाळी संपेपर्यंत, उभे राहिले.