कपाटातला रबरी हात

"हिचा हात घ्या," मॅडम म्हणाल्या. "मेंढरांमागं वाढलेली आहे. कातडी राठ आहे. इथं सुई गेली की कुठंही जाईल."

वर्ग हसला. मीही हसले. आज इतक्या वर्षांनी मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर त्या माझ्या हसण्याचा येतो.

माझा हात टेबलावर होता. तळवा वर. श्वेतानं दंडाला रबरी पट्टा बांधला, कापसानं स्पिरिट लावलं आणि सुई आत घातली. शीर सापडली नाही. तिनं सुई बाहेर न काढता आतल्या आत फिरवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी," ती म्हणाली. मला नाही, मॅडमना.

"काही हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या हाताला बघ."

मी दुसरा हात ठेवला.

पाटीवर कम्युनिटी कॉलेज असं लिहिलं होतं. एक वर्षाचा मेडिकल असिस्टंटचा कोर्स. गावाकडच्या, साध्या घरच्या पोरापोरींनी शिकून दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली उभं राहावं, म्हणून काढलेला. बीपी बघायचं, ड्रेसिंग करायचं, रक्त काढायचं. बारावी पास चालत होती. मी आमच्या वस्तीवरची पहिली बारावी पास पोरगी. तेव्हा बसच्या पाटीवर अजून औरंगाबादच असायचं. मी खुलताबादला मावशीकडं राहायचे आणि रोज सकाळच्या बसनं घाट उतरून शहरात यायचे. मावशी तिथल्या बसथांब्यावर सीताफळाच्या दिवसांत सीताफळं विकायची, एरवी पेरू. आई-बा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली गंगथडीला, गोदावरीच्या काठाला उतरायचे, ते पावसाच्या तोंडाला परत यायचे.

बानं मला एक साल दिलं होतं.

"एक साल शीक. पास झालीस तर तू म्हणशील तसं," तो म्हणाला होता. "नाय झालीस तर सोयरीक पक्की. मग रडायचं नाय."

मुलगा पैठणकडचा होता. वाईट नव्हता. पण त्याच्यामागं दोनशे मेंढरं होती आणि त्या मेंढरांमागं मी जन्मभर चालणार होते. माझी आई चालली तशी. ती बाळंत झाली तीही वाटेवरच, कुणाच्या तरी शेताच्या बांधाला. दवाखाना तिनं पाहिला नाही. मला दवाखान्यात उभं राहायचं होतं. पांढरा कोट घालून, आतल्या बाजूला.

हात पहिल्यांदा मीच पुढं केला होता. ते कुणावर ढकलता येत नाही.

कोर्सचे पहिले काही दिवस झाले आणि मॅडमनी विचारलं, "रक्त काढायची प्रॅक्टिस करायची आहे. हात कोण देणार?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी ताडकन उठले. आमच्यात मेंढरांना टोचायला जनावरांचा डॉक्टर आला की मेंढी धरायला कुणालाही बोलवत नाहीत. जाणत्या माणसालाच बोलवतात. धरणाऱ्याचा हात हलला तर सुई मोडते, जनावर मरतं. बा मला नवव्या वर्षापासून धरायला बोलवायचा. डॉक्टर म्हणायचा, पोरगी पक्की आहे. ते मला लई मोठेपणाचं वाटायचं. म्हणून इथंही मला वाटलं, जो पुढं होतो त्याचा मान. मी छाती काढून टेबलाशी गेले.

मी तिथं धरणारी नव्हते. मी मेंढी होते. हे कळायला मला सहा महिने लागले.

कपाटात एक रबरी हात होता. शिकणाऱ्यांसाठीच आलेला. खांद्यापासून बोटांपर्यंत, आत नळ्या, नळ्यांत लाल पाणी भरायची सोय. नवाकोरा, प्लास्टिकच्या पिशवीत. कपाटाला काच होती, त्यामुळं तो रोज दिसायचा. वरून कुणी तपासणीला आलं की मॅडम तो काढून टेबलावर मांडायच्या. माणूस गेला की परत आत. एकदा शबानानं विचारलं, "मॅडम, उसपे करें क्या प्रॅक्टिस?"

"टोचून टोचून खराब होईल तो," मॅडम म्हणाल्या आणि चावी पर्समध्ये टाकली.

मी तिथंच उभी होते, कोपराच्या खळीत कापूस दाबून.

प्रत्येकाला प्रॅक्टिकलची एक वही होती. तिच्यात चौकटी. इतक्या वेळा बीपी, इतक्या वेळा ड्रेसिंग, इतक्या वेळा रक्त. प्रत्येक चौकटीत मॅडमची सही. सह्या पूर्ण नसतील तर परीक्षेला बसता येत नाही. श्वेताचं रक्ताचं पान दसऱ्यालाच भरलं. तिचे वडील शेंद्र्याकडचे. जमीन कारखान्यांत गेली आणि घराला गाडी आली. मॅडम तिला बेटा म्हणायच्या. शबानाचं पान दिवाळीनंतर भरलं. मग बाकीच्यांची. प्रत्येकाच्या चौकटीत सही मॅडमची होती आणि रक्त माझं होतं.

माझं पान कोरं. मी विचारलं की उत्तर ठरलेलं.

"उद्या तुझा नंबर."

उद्या परत माझाच हात लागायचा. कधी मला ट्रे धुवायला पाठवायचे. कधी बाहेरच्या दवाखान्यात नेलं तर लहान लेकरं धरायला उभं करायचे. "धरायला ही बरी आहे," मॅडम तिथल्या नर्सला सांगायच्या, "सवय आहे तिला." मी लेकरं धरायचे. टोचायचे दुसरे.

कोपराच्या खळीत हिरवे-निळे डाग पडले. एक पिवळा पडायच्या आत दुसरा उठायचा. मी पूर्ण बाहीचे ड्रेस घालायला लागले. घाटात बस वळली की वरचा दांडा धरावा लागायचा आणि हात ठणकायचा. मावशीनं एकदा भाकरी थापताना बाही मागं सरकलेली बघितली.

"कोण मारतंय गं तुला?"

"कुणी नाय. शिकण्यात असंच असतंय."

मावशीनं भाकरी तव्यावर टाकली. पण त्या दिवसापासून मी बसमधून उतरले की ती आधी माझ्या हातांकडं बघायची.

माझी कोंडी काय होती ते सरळ सांगते. हात द्यायला नाही म्हटलं तर मॅडम सही करणार नाहीत. हात देत राहिले तर सुई माझ्या हाती येणारच नाही. दोन्हीकडून पान कोरंच. आणि पान कोरं राहिलं तर पैठणची मेंढरं. मी बसमध्ये हाच हिशोब रोज करायचे. रोज वाटायचं, अजून थोडे दिवस गुमान राहू, त्यांना दया येईल. दयेवर मी अख्खा हिवाळा काढला.

हुरड्याच्या दिवसांत बा कॉलेजवर आला. मेंढरांचं औषध घ्यायला शहरात आला होता. वॉचमननं त्याला आत सोडलं नाही. मी धावत गेटवर गेले. खांद्यावर घोंगडी, हातात औषधाच्या बाटल्या आणि फडक्यात बांधलेला हुरडा. तो पांढऱ्या कोटाकडं बघतच राहिला. त्याला किती बरं वाटलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हुरडा घ्यायला मी हात पुढं केला आणि बाही वर सरकली.

त्यानं माझं मनगट धरलं. हात उजेडाकडं फिरवला. जनावर तपासतात तसा.

"आजारी हायेस का तू?"

"नाय."

"मंग हे काय?"

"पोरी शिकतेत माझ्या हातावर."

त्यानं अंगठ्यानं एकेक डाग दाबून बघितला. मग म्हणाला, "मेंढीला बी आपण जागा बदलून टोचतो. एकाच जागी रोज नाय टोचत."

मी बाही खाली ओढली.

"आन् तू कुणाच्या हातावर शिकतीस?"

बा शाळेत गेलेला नाही. अंगठा करतो. त्यानं एका प्रश्नात ते विचारलं जे मी सहा महिन्यांत स्वतःला विचारायला घाबरत होते. तो गेला. मी गेटवर उभं राहून हुरडा खाल्ला आणि रडले. लाजेनं नाही. संतापानं. मॅडमवरच्या नाही, स्वतःवरच्या.

दुसऱ्या दिवशी टेबलावर ट्रे मांडला गेला.

"हात," मॅडम म्हणाल्या. एवढंच. हजेरी सोडली तर माझं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

मी उठले. टेबलाशी गेले. बाही वर केली नाही. ट्रेमधली सिरिंज उचलली.

"आज रक्त मी काढणार."

"कुणाचं?"

मी वर्गाकडं वळले. "तुम्ही सगळे माझ्या हातावर शिकलात. मला एक हात पाहिजे."

कुणी हललं नाही. श्वेतानं ओढणी दोन्ही हातांवर ओढून घेतली. मी शबानाकडं बघितलं. आम्ही एका डब्यात जेवायचो. तिनं खाली मान घातली.

मॅडम हसल्या. "बघ. शेणामुताच्या हातानं टोचून घ्यायला कुणी तयार नाही. मी काय जबरदस्ती करू?"

"माझ्यावर केलीत तशी करा."

मॅडमचं हसणं थांबलं.

"सुई ठेव खाली. माफी लिहून दे. त्याशिवाय तुझ्या वहीला मी हात लावणार नाही."

मी सुई ठेवली. माफी लिहिली नाही. त्या दिवसापासून मला प्रॅक्टिकलच्या खोलीबाहेर बसवलं. मी रोज सकाळची बस पकडून आले आणि रोज त्या दाराबाहेरच्या बाकावर कोरी वही घेऊन बसले. घरी बसले असते तर गैरहजर लिहिलं असतं. आतून हसण्याचे आवाज यायचे. आता कुणाचा हात घेतात ते मी कधी डोकावून बघितलं नाही. प्राचार्यांना अर्ज दिला. ते म्हणाले, "मॅडमशी मिटवून घे." शबाना एकदा बसस्टँडवर मागं मागं आली. "मैं देती थी गं हाथ," ती म्हणाली, "पर मॅडम मेरेकू भी बाहर बिठाती." खरं होतं ते. तरी मी तिच्याशी बोलले नाही. आज कदाचित बोलले असते. तेव्हा नाही.

परीक्षेच्या यादीत माझं नाव नव्हतं. ते वर्ष गेलं.

पावसाच्या तोंडाला मेंढरं परत आली. आईनं लग्नाची बोलणी काढली. मी बापुढं वही टाकली. त्याला वाचता येत नव्हतं, पण कोरं पान कोरंच दिसतं.

"मी नापास नाय झाले, बा. मला बसूच दिलं नाय."

"का?"

"हात दिला नाय म्हणून."

आई डोक्याला हात लावून बसली. पैठणची माणसं थांबणार नव्हती, थांबलीही नाहीत. भावकीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही असं आई कितीतरी दिवस म्हणत होती. तिचंही चूक नव्हतं. बा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मेंढरं सोडताना म्हणाला, "जा. पण ह्या खेपेला सुई धरल्याबिगर येऊ नको."

तेच कॉलेज. तोच वर्ग. त्याच मॅडम. कपाटात तोच रबरी हात, पिशवीसकट. नवीन पोरांत मी एकटीच जुनी. मॅडमनी मला ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं.

पहिल्या आठवड्यात ट्रे आला.

"हात कोण देणार?"

दुसऱ्या बाकावरची एक पोरगी ताडकन उठली. फर्दापूरकडची. नवी चप्पल, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, चेहऱ्यावर तोच मोठेपणा. "मी देते, मॅडम." ती निघालीसुद्धा. बाही वर करत करत.

मी उठून तिच्या वाटेत उभी राहिले.

"बस गं खाली."

"पण ताई..."

"बस. बाही खाली कर."

ती गोंधळून बसली. मी टेबलाशी गेले. ट्रेमधला रबरी पट्टा हातात घेतला.

"मॅडम, कपाट उघडा."

"चावी घरी राहिली आहे." पर्स त्यांच्या खांद्याला होती.

"मग पहिला हात तुमचा. मी टोचणार. त्यानंतर माझा घ्या, दोन्ही घ्या. ज्यानं स्वतःचा हात दिला नाही त्याला ह्या वर्गात कुणाचाच हात मिळणार नाही."

"बाहेर हो."

"गेल्या वर्षी झाले होते."

मॅडमनी बाही वर केली नाही. पर्सही उघडली नाही. मी पट्टा दोन्ही हातांनी ताणून धरला आणि तिथंच उभी राहिले. तास संपल्याची घंटा झाली. मी हलले नाही.