दगडाला दगडाचा रंग

गोऱ्या साहेबाला अक्कल होती, हे कबूल करायला जीभ रेटत नाही, पण होती. चाकणकडच्या आमच्या जुन्या पोलीस ठाण्याचं जोतं त्यानं छातीएवढं उंच घेतलं. तक्रार घेऊन येणाऱ्यानं पायऱ्या चढून धापा टाकाव्यात आणि आवाज खाली ठेवावा, एवढाच हेतू. काळा घडीव दगड, सागवानी खांब, कौलं. कोठडीला वीतभर झरोका, तोही छताशी. माणूस दबेल कसा, याचा पुरता विचार केलेला. फक्त व्हरांड्यात एक लांब दगडी बाक होता. तेवढी माणुसकी त्याच्या हातून चुकून घडली असावी.

त्या बाकावर माझी आई तीन दिवस बसली होती. कंपनीच्या संपात वडिलांना आत घेतलं होतं. ती सकाळी डबा घेऊन यायची आणि दिवस मावळेपर्यंत हलायची नाही. तिला कुणी काही सांगितलं नाही, पण उठवलंही नाही.

माझी नोकरी पिंपरीत इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. म्हणून ठाण्याचं नूतनीकरण निघालं तेव्हा स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला मला बोलावलं. मी लिहिला, आणि एकच मागणं केलं: बाक हलवू नका.

"ताई, बिनधास्त राहा," ठेकेदार म्हणाला. "ब्रिटिशकालीन लूक शंभर टक्के ठेवतो."

ठेवला की! अस्सल काळ्या दगडावर करडा ऑइलपेंट फासला आणि त्यावर पांढऱ्या रेघा ओढल्या. का, तर भिंत दगडी दिसावी म्हणून. हसावं की कपाळ बडवावं? स्मरणिकेत मी आईवर लिहिलेली तीन वाक्यं गाळून तिथं 'वैभवशाली वारसा' छापलं होतं.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मी गेले. व्हरांड्यात बाक नव्हता. प्रवेशाशी बाकाचाच दगड उभा पुरून त्याची पाटी केलेली, वर पाहुण्यांची नावं सोनेरी अक्षरांत.

खांबाला टेकून एक बाई उभी होती. हातात डबा.

"ताई, बसायचं कुठं वो? पोराला आत घेतलंय. सकाळपासनं उभी हाय."

मी पाटीकडे बोट दाखवलं. "बसायची जागा ती होती. उभी केली."

तिला काही कळलं नाही. मी तिचा हात धरून तिला पाटीच्या पायाशी बसवलं, शेजारी स्वतः बसले. पाच मिनिटांत शिपाई आला.

"मावशी, उठा. पाटीचा फोटो काढायचाय."