“जेवली काय, वैनी?”

कुसुमचा फोन नेहमी संध्याकाळी यायचा, देवाजवळ दिवा लावून झाल्यावर. म्हणून मागच्या महिन्यात एका सकाळी मोबाईलवर तिचं नाव दिसलं, तेव्हा मी चहा गॅसवर तसाच ठेवून आधी टोमणा मारला, “काय वो, आज सकाळीच भूक लागली काय?” पलीकडून पुरुषाचा आवाज आला. अल्लीपूरचे तिचे शेजारी होते. “वैनीबाई, तुमी लवकर या बरं… कुसुमताई उठूनच नाई राह्यल्या.” झोपेतच गेली. दुखणं नाही, दवाखाना नाही, कोणाला तसदी नाही. लोक म्हणाले, पुण्यवान बाई. असेल बापडी पुण्यवान, पण मला तिचा रागच आला. असं न सांगता जातात होय?

कुसुम माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन समुद्रपूरला आले तेव्हा ती दोन वेण्या घालून माझ्या प्रत्येक भाजीत मीठ कमी आहे असं सांगत फिरायची. एका घरात होतो तोवर आमचं फारसं जमलं नाही. तिचं लग्न होऊन ती अल्लीपूरला गेली आणि मग कुठे आमची मैत्री झाली. मोबाईल आल्यापासून तर तिचा नेमच होता. फोन उचलला की पहिलं वाक्य, “जेवली काय, वैनी?” दिवेलागणीला कोण जेवतं? मी म्हणायची, “अजून कुकर नाई लावला वो.” तर म्हणे, “लाव मंग. तुह्यं पित्त लय वाईट आहे.” बाकीच्या गप्पा त्यानंतर.

तिचा एकुलता एक मुलगा प्रवीण बँकॉकजवळ एका कारखान्यात इंजिनियर आहे. लग्नाचा विषय काढला की फोनला रेंज नसल्याचं सांगतो. कुसुमचे मालक गेले आणि त्यानं आईमागे लकडा लावला, तिकडेच कायमची ये म्हणून. तिला एकच घोर होता. “दिसभर काम करून घरी आल्यावर त्याले जेवला काय म्हणून कोन विचारत असन, वैनी?” शेवटी ती कबूल झाली, पण अट घातली की वैनी सोबत पाहिजे, आणि राहायचं की नाही ते कार्तिक पौर्णिमा झाल्यावर सांगीन. मागच्या दिवाळीनंतर आम्ही दोघी तिकडे गेलो. प्रवीणनं तर तिच्यासाठी खोली तयार ठेवली होती. पोळपाट-लाटणंसुद्धा कुठून तरी पैदा केलं होतं. ते पाहून मला माझीच काळजी पडली. ही तिथं राहिली तर संध्याकाळी मला फोन कोण करणार?

प्रवीण राहतो त्या गल्लीच्या तोंडाशी खाण्याच्या गाड्या लागतात. कोळशावर भाजलेली केळी, नारळाच्या दुधातले इवले आप्पे, हिरव्या पानात गुंडाळलेला गोड भात… आणि त्याच्याच शेजारी तळलेले किडे! कुसुमनं ते पाहिले आणि “अगं माय!” म्हणून माझ्यामागे लपली. दुसऱ्या दिवशी मात्र चष्मा लावून जवळून पाहून आली. आंबा आणि चिकट भात एकत्र खातात हे कळल्यावर तिनं आधी त्या लोकांची कीव केली, मग माझ्या ताटलीतलाही संपवला. एका गाडीवर पा डेंग नावाची बाई कच्च्या पपईची चटकदार कोशिंबीर करायची, मातीच्या उभट कुंडीत लाकडी दांड्यानं मिरची-लसूण ठेचून. ती ठकठक ऐकून कुसुम तिथंच खिळली. आम्ही दोघी शाकाहारी, आणि त्यात मासळीचं खारं पाणी घालतात. प्रवीणनं सांगितलं तशी पा डेंगनं आमच्यासाठी वेगळी कुंडी काढली, धुतली आणि परदेशी बायका म्हणून एकच मिरची टाकली. कुसुमला तो अपमान वाटला. “अजून टाक न वो बाई. आमी नागपूरकडल्या होय.” हातवारे करून तिनं मूठभर मिरच्या टाकायला लावल्या. पहिल्या घासाला कान लाल, दुसऱ्याला उचकी, डोळ्यांतून धारा. “तिखट आहे काय?” मी विचारलं. “नाई. बेताचंच आहे,” असं म्हणत तिनं माझा पाण्याचा ग्लास ओढून घेतला. पा डेंग पोट धरून हसत होती.

तिथल्या विहारात त्याच सुमारास उत्सव होता, भिक्षूंना चीवर म्हणजे अंगावरची वस्त्रं देण्याचा. असं चीवरदान आपल्याकडच्या विहारांतही होतं, त्यामुळे कुसुमला ते नवखं वाटलं नाही. भिक्षूंचं जेवण झालं, मंडपात भाताची घमेली आणि भाज्यांची पातेली मांडली गेली. कुसुमला वाटलं महाप्रसाद. तिनं साडी सावरली, सतरंजीवर मांडी घातली आणि मला हात धरून खाली ओढलं. “बस वैनी. पंगत लागून राह्यली.” पंगत कसली? तिथं ज्याचं त्यानं उठून वाढून घ्यायचं होतं. आम्ही दोघी समोर मोकळी जागा सोडून वाढपी यायची वाट पाहत बसलो. लोक आमच्याकडे बघायला लागले. प्रवीण चपला सोडून धावत आला, “आई, उठ न! इथं असं नसते!” पण त्याच्याआधी पा डेंग पोहोचली होती. तिनं दोन ताटल्या वाढून आमच्यासमोर ठेवल्या, आणि आम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून स्वतःही ताटली घेऊन शेजारी बसली. तिला पाहून आणखी काहीजणी बसल्या. झाली की खरोखरची पंगत! जेवण होताच कुसुमनं पदर खोचला, भाताचा डाव हातात घेतला आणि सुरू झाली, “घ्या हो, घ्या, लाजू नोका.” त्या बिचाऱ्या बायकांना नाही कसं म्हणायचं ते माहीत नव्हतं. हिला थांबायचं कसं ते माहीत नव्हतं. प्रवीणनं कपाळाला हात लावला.

कार्तिक पौर्णिमेला आपण जसे नदीत दिवे सोडतो, तसा त्याच दिवशी तिथंही सण असतो. केळीच्या खांबाच्या चकतीवर पानांच्या घड्या, वर फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. असा द्रोण पाण्यात सोडायचा. पा डेंगनं आम्हाला घड्या घालायला शिकवल्या. कुसुमनं मेणबत्ती बाजूला ठेवून कणकेचा दिवा केला. “वणा नदीत सोडतो तसाच सोडू.” संध्याकाळी सगळे कालव्यावर गेलो. प्रवीण कामावरून परस्पर तिथं आला. त्याला पाहिल्याबरोबर पा डेंग लांबूनच काहीतरी ओरडली, आणि यानं नाही म्हणून मान हलवली तशी पिशवीतून एक डबा काढून त्याच्या हातात कोंबला.

“काय म्हणून राह्यली थे?” कुसुमनं विचारलं.

“किन खाव रू यांग. जेवला काय, म्हणते. इथं भेटलं की सगळे हेच विचारतात. पा डेंग तर रोज विचारते. मी संध्याकाळी तिच्याकडंच जेवतो न.”

मुलगा उभ्या उभ्या डबा खात होता, ते कुसुम बघत राहिली. मग वाकून तिनं दिवा पाण्यात सोडला… आणि दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं की मी परत जाणार.

प्रवीणचा चेहरा पडला. तिनं कारण सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. मायलेक सारखेच. परतीच्या वाटेवर नागपूरहून येताना जाम गावाच्या चौरस्त्यावर चहाला थांबलो, तेव्हा मीच विषय काढला. खरं सांगते, ती परत आली याचा मला इतका आनंद झाला होता की कारण विचारायलाही भीती वाटत होती.

“मी तिथं राह्यली असती,” ती बशीत चहा ओतत म्हणाली, “तर त्यानं माह्या हातचं खाल्लं असतं अन् थ्या बाईकडं जाणं सोडलं असतं. मंग मी मेल्यावर काय? पुन्हा उपाशी. आता त्याले विचारणारं कोनी आहे, वैनी. थे काऊन तोडू मी?” मग बशी खाली ठेवून म्हणाली, “त्याले सांगू नोको. आईले माहा घास जड झाला म्हणन तो. तिथं आवडलं तर मले लय होतं बाप्पा.”

तेरवीच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर प्रवीण माझ्याजवळ येऊन बसला. “मामी, तिले तिथं करमलंच नाई न? मी तिले सुख देऊ शकलो नाई.” हे पोरगं इतके महिने ते मनात घेऊन हिंडत होतं. मग मी कुसुमचा शब्द मोडला. जामचा चहा, बशी, तिचं बोलणं, सगळं सांगितलं. मिरचीच्या वेळी तिनं माझं पाणी पळवलं तेही सांगितलं. तो आधी हसला. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान असताना रडायचा तसा रडला. मीही रडले. त्या दिवसापर्यंत मला रडूच आलं नव्हतं.

आता तो परत गेलाय. दिवेलागणीला माझा हात अजून फोनकडे जातो. कुकर लावायचा राहून जातो, कधी भात तसाच झाकून ठेवते. ह्यांना वाटतं मी जेवले. काल त्याच वेळी फोन वाजला. प्रवीणचा व्हिडिओ कॉल. मागे गाड्यांचे दिवे, तीच ठकठक. त्यानं काही बोलायच्या आत पा डेंगनं त्याच्या हातून फोन घेतला, चेहरा एकदम जवळ आणला, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “किन खाव रू यांग?”

मी मान हलवून हो म्हटलं. फोन ठेवला, उठले आणि ताट वाढून घेतलं.