उदाचा वास

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मुखेडजवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करते. तरीही हे लिहितेय... कारण घरात कुणाला सांगायची सोय नाही.

माझी धाकटी जाऊ सुनीता बोलता बोलता मध्येच थांबायची. नजर एका जागी लागायची, ओठ चघळायची, पदर चिवडत राहायची. त्याआधी हमखास म्हणायची, "आक्का, उदाचा वास येऊन राहिला." आमच्याकडे ऊद कधी जाळतच नाहीत! पण सासूबाई लगेच हात जोडायच्या — "माहूरची आई आली." मग कुंकू, ओटी, आणि त्या बिचारीला प्रश्नावर प्रश्न.

नांदेडला नेलं. मेंदूचा आलेख नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. सासूबाईंना आणखीच जोर चढला. डॉक्टर म्हणाले, झटका चालू असताना व्हिडिओ काढून आणा. आता त्या वेळी घरातल्या सगळ्यांचे हात जोडलेले — मोबाईल धरणार कोण? शेवटी मीच बोलणी खात काढला. तो बघून डॉक्टर म्हणाले, "ही मिरगीच आहे. वास मेंदूत तयार होतो, खोलीत नसतो." पहिल्या गोळीने अंगावर पुरळ उठलं, दुसरी लागू पडली. झटके थांबले.

मग नवरात्र आलं. "उपासाला गोळी चालत न्हाई," सासूबाई म्हणाल्या, आणि सुनीताने मला न सांगता गोळ्या सोडल्या.

एका दुपारी शाळेतून आले, तर दारातच उदाचा वास. दाट, घशाला लागणारा. सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या.

"मामी, ऊद लावला का तुम्ही?"

"न्हाई की."

आत धावले. सुनीता कढईतल्या तापल्या तेलात साबुदाण्याचे वडे सोडत होती. गॅस बंद केला, तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"काय झालं आक्का?" ती हसायलाच लागली.

"तुला वास येतोय?"

"न्हाई बा."

एवढं बोलली आणि तिची नजर लागली. मग अंग आखडून माझ्यावरच कोसळली.

"तुला कसं कळलं गं?" सासूबाईंनी नंतर विचारलं. "तेलाचा धूर दिसला," मी म्हटलं. वासाचं बोलले असते, तर गोळ्या थेट उकिरड्यावर गेल्या असत्या. डॉक्टरांना मात्र खरं सांगितलं. "काळजीने होतं असं," ते म्हणाले. असेल. पण तिच्या मेंदूतला वास तिच्याआधी माझ्या नाकात कसा आला?

आता गोळी मी माझ्या हाताने देते, उपवास असो नसो. परवा सुनीता म्हणाली, "आक्का, आता वास येतच न्हाई." "बरं झालं," म्हटलं.

रोज घरी आले की मी आधी उंबऱ्यावर थांबते आणि खोल श्वास घेऊन बघते.