दोनशे चौदाची बायको

हौसाबाईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलंच नाही. लग्नानंतर उंबऱ्यावर उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा ती बारा वर्षांची होती, सगळ्या बायका तोंडाकडं बघत होत्या, आणि हिला रडूच फुटलं. शेवटी सासूच म्हणाली, राहू दे, घ्या पोरीला आत. ते राहिलं ते राहिलंच. पुढं तो "रतनचा बाप" झाला. आणि त्रेचाळीस साली तो खाणीत गेला तेव्हापासून "दोनशे चौदा".

लढाईचे दिवस होते, कोळसा मिळेल तेवढा कमीच. एक ठेकेदार कल्याणला येऊन धडधाकट माणसं गोळा करत होता. रतनचा बाप तेव्हा कल्याणच्या वखारीत कोळशाच्या पाट्या उचलायचा. ठेकेदार म्हणाला, उचलत काय बसलास, खणायला चल. आणि हा गेला की! थेट चांद्याकडं, बोरटोला नावाच्या कुठल्याशा खदानीत. पहिलं कार्ड आलं ते हौसाबाईनं भावाकडून, तानाजीकडून, वाचून घेतलं. लिहिलेलं, की इथं नावानं कुणी ओळखत नाही, सगळ्यांना पितळेचे बिल्ले दिलेत, पत्र घातलंस तर बिल्ल्याचा नंबर घाल, दोनशे चौदा.

हौसाबाईला हे इतकं पटलं! नाव घ्यायचं नाही, पण नंबर घेतला तर कसलं पाप? मग ती राहायची ती कल्याणजवळच्या मोहन्याची अख्खी चाळ तिला चिडवायची, काय गं, दोनशे चौदाचं कार्ड आलं का? आणि ती लाजायची. खरंच लाजायची. वखारीतली कोळशाची भुकटी आणायची, शेणात कालवून गोळे वळायची आणि कल्याणात बामणांच्या आळीत शेगडीसाठी विकायची. तो तिकडं कोळसा खणतोय, आपण इकडं कोळसा वळतोय, ह्यातसुद्धा तिला सुख वाटायचं. हात काळे आणि तोंड लाल.

सत्तेचाळीसच्या शिमग्यानंतर कार्डं बंद झाली.

एक वर्ष गेलं, दोन गेली, आठ गेली. तिनं घातलेली पत्रं कुठं गेली देव जाणे. चाळ चिडवायची बंद झाली आणि मग वेगळंच सुरू झालं. संक्रांतीला हिला वाण द्यायचं की नाही? हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही? ही सवाष्ण, की ही विधवा, की ही टाकलेली? नळावर बायका गप्प व्हायच्या. एकदा एकजण तिच्या कपाळाकडं बघून म्हणाली, कुणाच्या नावाचं लावतेस बाई, एकदा विचारून तरी ये. हौसाबाईनं घागर नळाखाली सरकवली. घागर भरली आणि आली. पण ते वाक्य काट्यासारखं रुतलं ते रुतलंच.

तरी तेही तिनं गिळलं असतं. पण पंचावन्न साली रतनचं लग्न ठरायला आलं.

मुलगा आनंदा, मोहन्याच्याच कारखान्यात कामाला, निर्व्यसनी, रतनला पसंत. त्याचा बाप विश्राम शहाडचा. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट. भांडला असता तर हौसाबाई भांडली असती. तो ओटीवर बसला, चहा घेतला, आणि खाली बघत बोलला.

"हे बघा विहीणबाई, पोरगी सोन्यासारखी आहे. तिचा बाप असेल तर त्याला मांडवात आणा. गेला असेल तर गेला म्हणून सांगा, आम्ही मामाच्या हातनं लगीन लावून घेऊ. पण पळालेल्याची पोरगी म्हटलं की आमची भावकी जेवायला बसायची नाही. पाडव्यापर्यंत काय ते कळवा."

तानाजीला रजा मिळेना. निदान तो तसं म्हणाला. मग हौसाबाई एकटीच निघाली. जन्मात ठाण्याच्या पलीकडं न गेलेली बाई! सोबत तीन भाकऱ्या, लसणाची चटणी, आणि पदराच्या गाठीत ते पहिलं कार्ड. कल्याणला नागपूरच्या गाडीत बसली, वर्ध्याला लोकांना विचारत विचारत गाडी बदलली, शेवटचे चार कोस बैलगाडीतून. वाटेत ती मनात घोकत होती, की भेटल्यावर आधी शिव्या घालायच्या. पोटभर. मग हात धरून घेऊन यायचं. मेला असेल हे तिच्या मनात आलंच नाही असं नाही, पण ते ती पुरतं मनात येऊच देत नव्हती.

बोरटोला आलं तरी ती गाडीतून उतरेना.

ती एवढी मोठी खदान मनात धरून आलेली, माणसांचा गजबजाट, धूर, भोंगा. इथं सगळं मरून पडलेलं. खाण बंद पडूनच तीन वर्षं झालेली. बाजाराची गल्ली होती, पण पंधरा दुकानांतलं एक उघडं, तेही बिड्यांचं. रुळांवर कमरेएवढं गवत. कामगारांच्या लाइनी लांबच लांब, पण टोकाची चार-पाच घरं सोडली तर कौलं, दारं, चौकटी लोकांनी काढून नेलेल्या, नुसत्या भिंती उभ्या, आणि त्या भिंती काळ्या. चिंचेच्या झाडाची पानंसुद्धा काळी. ओढ्याचं पाणी काळं. हौसाबाईला वाटलं, आपण इतकी वर्षं पत्रं घालत होतो ते गाव हे? इथं पोष्टमन तरी कशाला येईल?

फाटकापाशी एक म्हातारा बाजेवर बसलेला. काळुराम त्याचं नाव, भंगार सांभाळायला कंपनीनं ठेवलेला चौकीदार. खाण बंद झाल्यावर आलेला, त्यामुळं खाण चालू असताना कोण कोण होतं ते त्याला माहीत नव्हतं. हौसाबाईनं पदर सारखा केला आणि विचारलं, रतनचा बाप कुठं राहतो म्हणून. त्याला काय कळणार! त्यानं नाव विचारलं. आणि ह्या बाईच्या जिभेला आयुष्यभराची सवय. नाव येईना. तिनं नंबर सांगितला. दोनशे चौदा.

काळुराम उठून उभा राहिला. त्याचा चेहराच बदलला. "तुम्ही त्याची कोण वो, माय?"

"मंडळी," हौसाबाई म्हणाली.

तो पुढं चालू लागला. खाणीच्या तोंडाशी विटांची भिंत घालून ते बंद केलेलं, आणि भिंतीपुढं एक दगड. दगडावर नावं नव्हती. आकडे होते. सात आकडे. हौसाबाईला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते, गोळे मोजून मोजून शिकलेली. वरून तिसरा.

काळुरामनं लाइनीतल्या लोकांकडून ऐकलेलं सांगितलं ते असं, की सत्तेचाळीसच्या शिमग्याला आत छत बसलं. सात माणसं खाली राहिली. काढता आली नाहीत म्हणून तो बोगदाच बंद केला. खाली जाताना बिल्ला ठेवायचा आणि त्या नंबराची बत्ती घेऊन जायचं, वर आलं की बत्ती देऊन बिल्ला परत घ्यायचा, अशी इथली रीत होती. त्या दिवशी सात बिल्ले न्यायला कुणी आलंच नाही. ठेकेदाराची माणसं ती, त्यांचे गावपत्ते कुणाकडं असणार? आकडे होते, आकडे कोरले.

हौसाबाई आधी रडलीच नाही. खाली बसली. मग दोन्ही हात त्या दगडावर आपटले, बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. पदरानं कपाळ पुसलं, पुसत राहिली, कातडं निघेल असं. तिचा आवाज ऐकून लाइनीतल्या उरल्यासुरल्या बायका धावत आल्या. एकीनं तिला मिठीत घेतलं, एक तरणी बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिच्या शेजारी बसून तिच्या मनगटावर पाणी घालू लागली. कोण कुठली हे कुणीच विचारत नव्हतं. बाई आहे, दगडापाशी बांगड्या फोडतेय, एवढं पुरे होतं.

आणि तेव्हा पहिल्यांदा, आता कशाची लाज, आता कसलं आयुष्य कमी व्हायचंय त्याचं, म्हणून हौसाबाईनं नाव घेतलं. मोठ्यानं. गळा फाडून. दौलत, दौलत रे, मला टाकून कुठं गेलास!

मनगटावरची पाण्याची धार थांबली.

काळुराम गोंधळून बघत राहिला. मग अगदी साधेपणानं म्हणाला, "दौलत काहून मरते, माय? दौलत तं आत्ता लाकडं आणाले गेला."

त्या तरण्या बाईच्या हातात तांब्या तसाच. तिच्या कपाळावर हे एवढं मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. हौसाबाई तिच्याकडं बघत राहिली आणि तिला सगळं समजायच्या आधीच समजलं.

मग ती बाईच बोलली, मान खाली घालून. दगडाखाली तिचा नवरा होता. गणू. ठेकेदाराला उलटून बोलला म्हणून महिनाभर त्याचा बिल्ला काढून घेतलेला, घरात पोर तापानं फणफणलेलं. दौलतही त्या दिवशी आजारी पडून होता. गणूनं त्याचा बिल्ला मागून घेतला आणि खाली गेला. बत्ती देणारा काय, नंबर बघायचा, तोंड थोडंच बघायचा. संध्याकाळी हिशेबात मेला तो दोनशे चौदा. दुसऱ्या दिवशी दौलत कचेरीत सांगायला गेला की मी जिवंत आहे, तर कारकून म्हणाला, बिल्ला दुसऱ्याला दिलास म्हणजे खुनाचा खटला होईल, मुकाट्यानं गणूचा बिल्ला घे आणि कामाला लाग. तो लागला. कागदावर गणू, लाइनीत दौलत. गणूचं घर आपल्याच बिल्ल्यापायी बुडालं, म्हणून ते तो सांभाळू लागला. आधी धान्य आणून द्यायचा. मग राहायलाच आला. दोन पोरं झाली.

"मले मालूम नव्हतं की त्याची बायको हाय," ती म्हणाली. "तो बोललाच नाही."

ऊन कलायला लागलं तेव्हा तो आला. डोक्यावर लाकडाची मोळी. जन्मभर कोळशात राबलेला माणूस चुलीला लाकडं तोडून आणतोय! पाठीमागं एक पोरगी, चार-पाच वर्षांची, हुबेहूब लहानपणीची रतन. हौसाबाईनं घोकलेल्या सगळ्या शिव्या कुठं गेल्या कुणास ठाऊक.

त्यानं ओळखलं. मोळी टाकली. जवळ आला नाही.

"हौसे," तो म्हणाला, "मेलेल्या माणसानं कार्ड कसं घालायचं, तूच सांग."

आठ वर्षं! आठ वर्षं विचार करून ह्या माणसाला एवढंच सुचलं! हौसाबाईनं ते ऐकून घेतलं. मग तिनं त्याला काय मागितलं? काही नाही. चार दिवस. चार दिवस चल, पोरीच्या मांडवात उभा राहा, अक्षता पडू देत, मग परत ये आणि मर हवा तितका. कुणाला काही सांगणार नाही. तुझ्या ह्या घराचंही नाही.

तो दगडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, ठेकेदाराच्या माणसाला कळलं तर? खटला अजून होऊ शकतो म्हणतात.

खाण बंद होऊन तीन वर्षं झाली, ठेकेदार कुठल्या कुठं गेला, गवत उगवलं रुळांवर, आणि हा बाप्या अजून त्या कारकुनाला भीत होता. का ते निमित्तच होतं? हौसाबाईला वाटलं, निमित्तच असावं. गेला तर परत यावंसं वाटणार नाही, किंवा परत येऊ देणार नाहीत, ह्याचीच भीती. त्याची नजर दर वाक्याला त्या बाईच्या दाराकडं जात होती.

त्या बाईनंच मग आपल्या हातातल्या बांगड्या काढायला सुरुवात केली. एकेक करून, न फोडता, पंजा दाबून दाबून. सगळ्या काढल्या आणि हौसाबाईपुढं धरल्या. "ताई, तुमच्या हायेत ह्या. घाला."

हौसाबाईनं त्या हातात घेतल्या. घेतल्या हे खरं. क्षणभर धरून ठेवल्या. चाळ दिसली तिला, नळ दिसला, विश्राम ओटीवर खाली बघत बसलेला दिसला. हा तर येणार नाही, आणि जिवंत आहे म्हणून सांगितलं तर तो पळालेला. मेलेला घेऊन गेली तर पोरीचं लग्न.

तिनं बांगड्या परत त्या बाईच्या हातात चढवल्या. स्वतः. तिच्या काळ्या हातांचे डाग त्या हिरव्या काचेला लागले.

"ऱ्हाऊ दे तुला," ती म्हणाली. "माझा मेलाय. दगडावर आकडा हाय त्याचा, म्या बघितलाय." आणि दौलतकडं न बघता बैलगाडीकडं चालू लागली. त्यानं हाक मारली की नाही, तिनं ऐकली की नाही, हे ती कधी कुणाशी बोलली नाही.

पाडव्याच्या आधी ती मोहन्याला पोचली. मोकळं कपाळ, मोकळे हात. चाळीत कुणी काही विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती. नळावर जिनं ते वाक्य मारलेलं तीच आधी गळ्यात पडून रडली. विश्रामनं डोक्याची टोपी काढली. आता सगळे तिच्याशी किती चांगले! आठ वर्षं जे कुणी दिलं नाही ते सगळं आठ दिवसांत मिळालं. दोनशे चौदाची बायको म्हणून मान मिळाला बाईला, कारण काय, तर तो मेला.

वैशाखात लग्न लागलं. कन्यादान तानाजीनं केलं, आता त्याला रजा मिळाली. आदल्या दिवशी हळद होती. पाच सवाष्णी पोरीला हळद लावत होत्या आणि हौसाबाई आत चुलीपाशी, धुराचं निमित्त करून. शुभकार्यात विधवेचा हात लागत नाही. रतन मधेच उठली, हळदीनं माखलेली, थेट आत आली.

"आये, तू लाव. कोण काय बोलतंय बघते मी."

दारात विश्रामची बायको येऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली. हौसाबाईनं हात मागं घेतले. पोरीच्या बापाला उचकी लागली असेल का आत्ता, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचाच इतका राग आला की तिनं चुलीत हातानंच लाकूड सारलं.

"जा," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."

रतन गेली नाही. हळू आवाजात तिनं विचारलं, इतके दिवस विचारायचं राहिलेलं. "आये, बाबांना लय त्रास झाला असेल का गं, जाताना?"

हौसाबाई चुलीकडं बघत होती.

"न्हाई," ती म्हणाली. "लगेच गेले. काय कळलंसुदिक न्हाई त्यांना."