डिसेंटचा उतारा

प्रल्हादभाऊ आडे यांनी माझ्या टेबलावर सातबारा ठेवला आणि मला हसू आलं.

"हे काय?"

"उतारा, बाई."

"मी कुठं मागितला?"

"तुमी नाई. त्या म्युझियमवाल्यायनं मांगतला." त्यांनी मोबाइल पुढं केला. वर इंग्रजी ईमेल, खाली अ‍ॅपनं केलेलं मराठी. 'कृपया उताराचा पुरावा महिनाअखेरपर्यंत पाठवावा.'

"यात उतार म्हटलंय. उतारा नाही," मी म्हटलं.

"मोबाइलले काय समजते? उताराचा पुरावा कोनी मांगते का? उताऱ्याचाच म्हनायचं असंन. म्हनून मायच्या माहेरच्या वावराचा तलाठ्याकडून आनला."

आपल्याकडे सरकारी कागद म्हटलं की माणसाचा हात आधी सातबाऱ्याकडे जातो. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मूळ इंग्रजीत शब्द होता डिसेंट. प्रूफ ऑफ डिसेंट म्हणजे वंशाचा पुरावा. अ‍ॅपनं त्याचा उतार केला आणि प्रल्हादभाऊंनी उताराचा उतारा. मी सातबारा बाजूला सारला. तो नंतर माझ्या खणात जाऊन पडला.

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून दारव्ह्यात तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल टाकलं. मार्कशीट, जन्माचे दाखले, दवाखान्याचे कागद, कोर्टाचे कागद, जे येईल त्याचं भाषांतर करते. माझी एक वही आहे. अडलेले शब्द तिच्यात लिहून ठेवते. डिसेंटला तिच्यात जवळजवळ पूर्ण पान आहे, कारण हा शब्द मला दर दोन-चार महिन्यांनी भेटतो आणि दरवेळी कपडे बदलून येतो. बाळंतपणाच्या केसपेपरवर डिसेंट म्हणजे बाळाचं डोकं खाली सरकणं. वैमानिकासाठी विमान खाली आणणं. वकिलासाठी बापाकडून मुलाकडे येणारी मालमत्ता. पेपरात कोणी परदेशी मंत्री झाला की तो 'ऑफ इंडियन डिसेंट' असतो. टोळी एखाद्या गावावर तुटून पडली तर तेही डिसेंट. आणि माझे विद्यार्थी सभ्य माणसालाही याच स्पेलिंगनं डिसेंट मॅन लिहायचे, तो वेगळाच शब्द. त्याचे मी नेहमी मार्क कापले.

तर प्रकरण असं होतं. परदेशातलं एक छोटं म्युझियम बंद होणार होतं. ज्या वस्तूंचे वारस सापडतील त्या वारसांना परत, बाकीच्या सगळ्या एका मोठ्या म्युझियमच्या गोदामात. त्यांनी वस्तूंचे फोटो इंटरनेटवर टाकले होते. प्रल्हादभाऊंची मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. तिनं एक फोटो आजीला दाखवला. लाल कापडाची पिशवी, आरसे, कवड्या आणि कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा एक वाकडा टाका. आजी, म्हणजे प्रल्हादभाऊंच्या आई धनीबाई, फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "हे माह्या याडीची कोथळी होय." याडी म्हणजे आई. हे बंजारा लोक घरात आपली गोरबोली बोलतात, बाहेर वऱ्हाडी.

धनीबाई लहान असताना तांड्यावर एक गोरा माणूस आला होता. पिशवीच्या बदल्यात एक कंदील देऊन गेला. कंदील केव्हाच फुटला. पिशवीची आठवण राहिली, कारण तो निळा टाका पाच-सहा वर्षांच्या धनीनं घातला होता. आईनं तो उसवला नव्हता.

"मायचे डोये चालले, बाई," प्रल्हादभाऊ म्हणाले. "एक मोतीबिंदू झाला, दुसऱ्यात आता काही करता येत नाई म्हनते डॉक्टर. दिसते तवरक हातात भेटली पायजे. तेवढंच."

मी लगेच कामाला लागले. माझ्या दृष्टीनं सोपं होतं. वंशावळ करायची. सोमली आणि हरिया राठोड, त्यांची मुलगी धनी, धनीचा मुलगा प्रल्हाद. स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, खाली माझं भाषांतर. झाड काढलं, रेघा सरळ पट्टीनं मारल्या. पाठवून दिलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चार दिवसांनी उत्तर आलं. भाषा गोड होती, अर्थ कडू. कुटुंबानं आज स्वतः लिहून दिलेलं चालणार नाही. त्या काळात, दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्याच कारणासाठी केलेली नोंद हवी. शिवाय सोमली हे नाव तांड्यांमध्ये बरंच दिसतं, असं त्यांनी लिहिलं होतं. ही सोमली तीच कशावरून? त्यांच्याकडे त्या गोऱ्या माणसाची एक चिठ्ठी होती, पिशवीला बांधलेली. चिठ्ठीत एवढंच: सोमली, हरियाची बायको. डिसेंट, दारव्हा साइड.

मी ते वाचून दाखवलं. "सोमली, हरियाची बायको. दारव्ह्याकडच्या वंशाची."

प्रल्हादभाऊ विचारात पडले. "दारव्ह्याकडचा वंश कोनता असते? आमच्यात राठोड हाय, पवार हाय, चव्हान हाय, आडे हाय. दारव्हा तं बाजाराचं गाव हाय, बाई."

"त्या माणसानं तसं लिहिलंय, मी काय करू?" मी म्हटलं. खरं तर मलाही ते पटत नव्हतं. पण भाषांतरकाराला न पटलेलं वाक्य अनेकदा चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या नावावर खपवता येतं, आणि मी तेच केलं.

मग कागद शोधायला लागलो. धनीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. जन्माची नोंद नाही. आधारवर नवऱ्याचं नाव. सोमलीचा तर जगात एकही कागद नसावा असं वाटायला लागलं. आश्रमशाळा, ग्रामपंचायत, जुनी मतदारयादी, प्रल्हादभाऊ सगळीकडे जाऊन आले. दरवेळी दुकानात यायचे, गमछ्यानं तोंड पुसायचे आणि नुसती मान हलवायचे. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी ते आईलाच मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन आले. मी धनीबाईंना पहिल्यांदाच पाहत होते. बारीक बांधा, ताठ पाठ. खुर्ची दिली तरी बाकावरच बसल्या.

"त्या चिठ्ठीत काय लिवलं ते मले सांगा."

मी सांगितलं.

"हा डिसेंट म्हंजे काय?"

"मावशी, त्याचे खूप अर्थ आहेत."

"मंग सारे सांगा. मले काम नाई आज."

मला गंमत वाटली. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला असं म्हटलं नव्हतं. मी वही काढली आणि एकेक अर्थ वाचत गेले. बाळाचं डोकं खाली सरकणं ऐकून त्या हसल्या. विमान. मालमत्ता. मग मी म्हटलं, "आणि साधा अर्थ, उतरणं. टेकडीवरून खाली येणारी वाट, तीही डिसेंट. उतार."

"हेच तं होय."

"काय?"

"टेकडीच्या या अंगानं उतरा, दारव्ह्याच्या अंगानं, का खाली आमचा तांडा. तिकडून चढ, इकडून उतार. तो मानूस तिकडून चढून आलता. त्यानं जागा लिवली, बाई. वंश नाई लिवला."

चिठ्ठी पुन्हा वाचली. उतार, दारव्ह्याच्या बाजूचा. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. वंशाचा पुरावा शोधता शोधता मला जिथं तिथं वंशच दिसायला लागला होता. आणि अ‍ॅपनं चिठ्ठीचं मराठी काय केलं होतं ते प्रल्हादभाऊंनी मोबाइलवर काढून दाखवलं: 'उतार, दारव्हा बाजू.' मला फार लाज वाटली.

"आमच्या बाच्या वावराचं नावच उतार हाय," धनीबाई पुढं म्हणाल्या. "अजूनबी. विचारा कोनाले."

कोणाला विचारायची गरज नव्हती. माझ्या खणात दोन आठवड्यांपासून एक कागद पडून होता. सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावासाठी एक रकाना असतो. बहुतेक ठिकाणी तो रिकामाच दिसतो. इथं भरलेला होता: उतार. जमीन आता धनीबाईंच्या भाच्याच्या नावावर होती. आणि खाली, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही, त्या ओळीत जुन्या फेरफारांचे क्रमांक होते.

फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव कधी, का आणि कसं बदललं याची नोंद. खातेदार वारला की त्याचे वारस कोण, हे त्यात लिहावं लागतं. त्या काळात, सरकारी माणसानं, भलत्याच कारणासाठी. म्युझियमला जे हवं होतं, अगदी तेच.

मी टेबलाला कुलूप लावलं आणि आम्ही तिघं रस्ता ओलांडून तहसीलात गेलो. रेकॉर्ड रूमला गजानन आहे. माझा विद्यार्थी, आता डोक्यावरचे केस गेलेत.

"बाई, तुमी मले 'माय फादर इज अ डिसेंट मॅन'साठी शून्य देलतं," क्रमांक लिहून घेताना तो म्हणाला.

"स्पेलिंग चुकलं होतं."

"पन बापापासूनच तं वंश चालते. मंग बाप डिसेंट नाई का?"

"नाही. तू रजिस्टर काढ."

दुपारपर्यंत त्यानं काढलं. पानं पिवळी, शाई तपकिरी, अक्षर मात्र सुरेख. हरियामागं वावर सोमलीच्या नावावर झालं होतं. मी मोठ्यानं वाचलं. 'मयत सोमली हरिया राठोड यांचे वारस, मुलगा किसन व मुलगी धनी.' आई आणि मुलगी, एकाच ओळीत. धनीबाई म्हणाल्या, "परत वाचा." मी परत वाचलं.

त्याच्या पुढचीच नोंद हक्कसोडीची होती. धनीनं भावाच्या लाभात जमिनीवरचा हक्क सोडला, म्हणून तिचं नाव कमी केलं. त्या काळच्या बहुतेक बहिणींनी हेच केलं. भाऊ माहेरचा दरवाजा उघडा ठेवतो, बहीण कागदावरून निघून जाते. मला त्या ओळीचा राग आला. पण ज्या कागदानं धनीबाईंचं नाव काढून टाकलं, त्याच्याच मागच्या पानावर त्या सोमलीच्या लेक आहेत हे लिहिलेलं होतं, आणि जगात दुसरीकडे कुठंच नव्हतं.

नकला मिळाल्या. दोन्ही नोंदींचं भाषांतर केलं. एक लपवून दुसरी पाठवणं मला जमलं नसतं. सोबत सातबारा, त्यातल्या उतार या शब्दाखाली रेघ, आणि चिठ्ठीच्या अर्थाविषयी माझं एक परिच्छेदाचं टिपण. माझी आधीची चूकही त्यात कबूल केली.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. जागा पटली, आई-मुलगी पटल्या. पण एक शंका होती. दुसऱ्या नोंदीत धनी यांनी आपले हक्क सोडल्याचं म्हटलं आहे. मग त्या सोमली यांच्या वारस म्हणून दावा करू शकतात का?

मी प्रल्हादभाऊंना फोन लावला. त्यांनी तो आईकडे दिला. मी विचारलं, "मावशी, ते म्हणतात तुम्ही हक्क सोडला होता. काय लिहू?"

त्यांनी आधी शेळीला हाकललं.

"वावर सोडलं, बाई," त्या म्हणाल्या. "याडी कुटी सोडली?"

मी त्याचं भाषांतर केलं आणि तेवढंच एक वाक्य पाठवलं. कायदा समजावणारं पानभर पत्र आधीच लिहून ठेवलं होतं, ते फाडून टाकलं.

पिशवी आली ती कागदाच्या खूप थरांत गुंडाळून. धनीबाईंनी माझ्यासमोरच उघडली, दुकानातल्या बाकावर. आरशांकडे पाहिलंच नाही. एक बोट कोपऱ्यापर्यंत नेलं, निळ्या टाक्यावर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. ते बोट तिथं बराच वेळ होतं. झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद केलं.

जाताना प्रल्हादभाऊ म्हणाले, "म्हनजे बाई, उताराच लागला ना शेवटी?"

"लागला."

"मंग मी पह्यल्याच दिवशी आनलता."

ते गेल्यावर वही काढली. डिसेंटच्या पानावर तळाला एका शब्दापुरती जागा उरली होती. तिथं 'उतारा' लिहिलं. आता गिऱ्हाईक चुकीचा कागद घेऊन आलं, तर हसण्याआधी मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.